पेवातली हळद

हरणा आमच्या वखारीत आली तवा तिच्या लग्नाची हळद अजून अंगावरनं उतरली नव्हती. एकसष्ट साल. आटपाडीकडची पोर. तिकडं पाऊस पडंना, म्हणून नवरा-बायको सांगलीला आलेली. नवरा कोंडीबा मार्केटात पोती उचलायचा आन् ही आमच्यात, हळदीच्या पॉलिशला. मी तिला बघितली आन् म्हणलं, "ये बाई नवरी, हितं रोजचीच हळद हाय, फक्त लगीन तेवढं न्हाई." सगळ्या बायका हसल्या. ती पण हसली. हसली की तिचं दात आन् वरची हिरडी अशी उघडी पडायची, मग ती झटदिशी पदर तोंडावर घ्यायची. तिला वाटायचं आपण हसताना वाईट दिसतो. वाईट कुठली, लय गोड दिसायची.

मी बनुबाई. हरिपूरची. हरिपूर म्हंजी सांगलीला लागूनच, नदीच्या काठाला. तिथं जमिनीत पेवं हायती. ज्यानं बघितलं न्हाई त्याला सांगते. पेव म्हंजी इहिरीगत खोल खड्डा, वरनं तोंड बारीक, आत पोट मोठं. तळाला आन् भवतीनं पाला-पाचट लावायचं, आत हळद भरायची, वरनं मातीनं बुजवायचं. दोन-दोन, तीन-तीन वर्सं हळद आत ऱ्हाती, तिला कीड लागत न्हाई. माझा बाप पेवात उतरायचा. पेव उघडलं की आधी कंदील आत सोडायचा, इझला तर आतली हवा वाईट, थांबायचं. तर सांगायची गोष्ट अशी, की पेवाच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नव्हती. खरं म्हणाल तर कशाच्याच बाबतीत मला कुणी शिकवलेलं खपायचं न्हाई. वखारीत चौदा बायकांवर मी मुकादमीण. कुणाचं पोट दुखू दे, कुणाची सासू छळू दे, कुणाची म्हस आटू दे, सगळ्या माझ्याकडं. आन् मी पण लगीच सांगून मोकळी.

काम आमचं असं. हळद शिजवून वाळवून येती ती खरबरीत, काळपट. ती पिंपात घालायची आन् दोघींनी दोन बाजूनं दांडा धरून पिंप फिरवायचं. घासून घासून साल निघती. नवा माल असंल तर हळदीचाच भुगा पाण्यात कालवून वरनं शिंपडायचा, झाली पॉलिश. पण पेवातनं तीन वर्सांनी काढलेला माल मळकट दिसतो, गिऱ्हाईक नाक मुरडतं. त्या मालासाठी मुनीम कुलपातनं एक डबा काढायचे. आत पिवळी पूड. काय तिचा रंग सांगू! मूठभर टाकली की पोतंभर माल झळकाय लागायचा. मुनीम म्हणायचे, "पेवडी टाका गं." डब्याला दुसरं नाव आमाला ठावं नव्हतं. ती पूड उडायची, नाकात जायाची, भाकरीला लागायची. हात तर आमचं कायमचंच पिवळं. आमच्यातल्या दोघी रांडमुंड हुत्या. गल्लीतल्या बायका त्यांच्या हाताकडं बघून कुजबुजायच्या. मी एकदा रस्त्यात उभी ऱ्हाऊन त्या बायकांचा असा उद्धार केला, की परत कुणी तोंड उघडलं न्हाई.

हरणा माझ्या जोडीला पिंपावर. पाच वर्सं तिचा हात आन् माझा हात एकाच दांड्याच्या दोन टोकांला. तिला पोराचं लय याड. रस्त्यानं जाताना पाळणा दिसला की हिचं पाऊल अडलंच. माझ्या धाकट्याचं जुनं अंगडं मागून नेलंन् एकदा, घडी करून उशाला ठेवलंन्. मी म्हणलं, "आगं, फाटकं हाय ते." तर म्हणाली, "आक्का, फाटेपर्यंत कुणीतरी घातलंय की ते."

बासष्टला दिवस गेलं. चौथ्या म्हयन्यात पडलं. बाराव्या दिवशी ती परत कामावर हजर. नुसतं पिंप फिरवायची. मला बघवंना. दुपारी भाकरी खायाला बसलो तवा ती इचारती, "आक्का, तुझी दोन पोरं हायती. दोन्ही येळेला काय खाल्लंवतंस?"

"दुधातनं हळद. दुसरं काय खाणार? आमी हळदीच्याच गावची."

"हळद तर मी रोज नाकातोंडानं खाती की." मग डब्याकडं बोट करून म्हणती, "ही पेवडी म्हंजी काय गं आक्का?"

घास तोंडात हुता माझ्या. तो गिळायच्या आत मी सांगून टाकलं, "पेवडी म्हंजी पेवातली हळद. आगं, नावातच हाय की! पेवाच्या तळाला तीन-तीन वर्सं दाबून ऱ्हाती, तिचा भुगा पडतो. तो चाळून डब्यात भरत्यात. लय जोरकस असती. म्हणून तर मुनीम कुलपात ठेवतो."

तुमाला वाटंल बाईनं थाप मारली. न्हाई हो. मला खरंच तसं वाटायचं. पेवाच्या तळाला पिवळा भुगा ऱ्हातो, ते मी ल्हानपणापासनं बघितलेलं. डब्यातली पूड पिवळी, नाव पेवडी. आणि काय पायजे? मुनीमाला एकदा इचारावं, एवढं पण माझ्या मनात आलं न्हाई. मी कशाला कुणाला इचारतेय!

त्या दिवसापासनं हरणा पदराच्या गाठीत चिमूटभर पेवडी बांधून न्यायची. आठवड्यातनं दोन-तीनदा दुधात घालून प्यायची. एकदा म्हणाली, "आक्का, ही दुधात मिसळतच न्हाई. तळाला बसती."

"अस्सल हाय म्हणून बसती. जड असती ती. खाली ऱ्हायलेलं बोटानं पुसून चाटायचं, वाया घालवू नगं."

हे माझंच शब्द. आजपण कपाच्या तळाला काय ऱ्हायलं की मला ते आठवतं.

त्रेसष्टला परत दिवस गेलं, परत पडलं. मी म्हणलं, चिमूट वाढव. पासष्टला सहाव्या म्हयन्यापर्यंत गेलं. आमाला वाटलं, जिंकली. कोंडीबानं पाळण्याला लाकूड बघून ठेवलं. तेबी पडलं. पोरगं हुतं. त्या येळेला हरणा रडली पण न्हाई. भितीकडं तोंड करून पडून ऱ्हायली. मी पायाशी बसले. तिची टाच धरून बसले, कारण दुसरं काय धरावं कळंना. कुणी म्हणलं बाहेरचं हाय, कुणी म्हणलं कुणाची नजर हाय. मी सगळ्यास्नी हाकलून लावलं. म्हणलं, नजर-बिजर काय न्हाई, हिच्या अंगात रगत कमी हाय. आन् बघा, ते मात्र खरं हुतं. फटफटीत पांढरी पडलीवती. वरनं हळदीची पिवळी, म्हणून ध्येनात यायचं न्हाई. पोटात कळा यायच्या, आठ-आठ दिवस पोट साफ व्हायचं न्हाई. म्हणायची, तोंडात पैसा धरल्यागत चव येती.

सहासष्टला चौथ्यांदा दिवस गेलं. आता तिनं कुणाला सांगितलंच न्हाई, फकस्त मला. देवाचं नाव घ्यायला पण भ्यायची. पाचवा लागला आन् एक दिवस पिंपाचा दांडा तिच्या हातनं सुटला. परत धरला, परत सुटला. मनगटच उचलंना. हात नुसता लोंबतोय. आन् तेवढ्यात पोटात अशी कळ आली, की ती तिथंच हळदीत लोळाय लागली.

कोंडीबाला बोलावून घेतलं, मिरजेला दवाखान्यात नेली. डॉक्टर कोवळा हुता, मिसरूड फुटलेलं, मला तर भरवसाच वाटंना. त्यानं डोळं बघितलं, मनगट बघितलं, मग म्हणला, "तोंड उघडा." ओठ वर केला आन् वाकून बघतच ऱ्हायला. हिरडीवर, दाताच्या मुळाशी, काळी-निळी रेघ. दात घासून न जाणारी. पाच वर्सं मी ती हिरडी रोज बघत हुते आन् रेघ मला दिसली नव्हती. ती आता हसतच नव्हती ना.

डॉक्टर कोंडीबाला इचारतो, "तुम्ही रंगारी आहात का? घरात रंगाचं काम चालतं?"

"न्हाई जी. मी हमाल. ही हळदीत हाय."

"हळदीनं असं होत नाही." डॉक्टर हरणाकडं वळला. "बाई, तुम्ही हळदीशिवाय आणखी काही खाता? औषध, काढा, भस्म?"

हरणा म्हणाली, "दुधातनं पेवातली हळद." आन् पदराची गाठ सोडून पुढं केलीन्.

डॉक्टरनं काचेच्या पेल्यात पाणी घेतलं. एका पेल्यात दवाखान्याच्या स्वैपाकघरातली हळद टाकली, दुसऱ्यात हरणाची. पयल्या पेल्यातलं पाणी सगळं पिवळं झालं, भुगा तरंगत ऱ्हायला. दुसऱ्यातली पूड सरळ खाली गेली आन् तळाला बसली. वरचं पाणी तसंच निवळ. ते बघून त्यानं इचारलं, "याला काय म्हणतात तुमच्याकडं?"

"पेवडी."

"बाई, पेवडी म्हणजे रंग. दारं-खिडक्या, गाडीची चाकं पिवळी करतात ना, तो. यात शिसं असतं. बंदुकीच्या गोळीत असतं ते शिसं. अंगात गेलं की हाडात जाऊन बसतं. रक्त कमी करतं, हात लुळे पडतात, पोटात कळा येतात. आणि बाईच्या पोटात मूल असेल तर ते त्याच्यापर्यंत पोचतं. हळदीला लावायला कायद्यानं बंदी आहे, तरी लावतात." मग त्यानं आवाज चढवला, "आणि हे खायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

हरणा खाली बघत हुती. म्हणाली, "कुणी न्हाई जी. माझं मीच."

मी तिथंच हुते, दोन हातावर. चौदा बायकांवर हुकूम चालवणारी मी, सगळ्या गल्लीला गप करणारी मी. "मी सांगितलं" एवढं दोनच शब्द हुतं. ते मी गिळलं. तिची तीन पोरं गेली, आन् तिनं मला झाकलं, आन् मी झाकून घेतलं. ह्याची लाज मला मरंस्तवर पुरंल.

दुसऱ्या दिवशी सगळा राग मी मुनीमावर काढला. वखारीच्या मधोमध उभी ऱ्हायले आन् म्हणलं, "मुनीमजी, त्या डब्यात रंगाऱ्याचा रंग हाय, व्हय का न्हाई?"

मुनीम दचकलं. "हळू बोला, बनुबाई."

"माझी बाई मराया टेकली, आन् मी हळू बोलू?"

"पेवडी खायला कुणी सांगितलं होतं? ती वरनं लावायला आहे, खायला नाही."

"आन् लोक हळद काय करत्यात मुनीमजी? भितीला फासत्यात? कालवणातच घालत्यात न्हवं?"

मुनीमांच्या घरात पण बाळंतीण सून हुती. ते बारीक आवाजात म्हणले, "सगळ्याच वखारीत चालतंय, बाई. मी नोकर माणूस." पण "खायला कुणी सांगितलं होतं" हे त्यांचं बोलणं माझ्या मस्तकात ठाण मांडून बसलं. त्याला माझ्याकडं उत्तर हुतं, म्हणूनच मी एवढी वरडत हुते. आठवड्याच्या आत मी ती वखार सोडली आन् शेंगा फोडायच्या कामाला लागले.

डॉक्टरनं हरणाला बजावलं हुतं, वखारीच्या वाऱ्याला पण उभी ऱ्हाऊ नगं. दूध पी, पालेभाजी खा, जमलं तर गाव बदल. कोंडीबा तिला घेऊन आटपाडीला गेला. एस.टी. स्टँडवर मी निरोपाला गेले. ती खिडकीत बसलीवती, हात पोटावर. मी म्हणलं, "हरणा, मी..." ती म्हणाली, "आक्का, हे ऱ्हायलं तर तुला पयलं कळवीन."

चार म्हयनं माझा जीव टांगणीला. तिकडंच्या शाळेतल्या मास्तराकडनं लिहून घेतलेलं कार्ड आलं, माझ्या थोरल्यानं वाचून दाखवलं. मुलगी झाली. जिती आहे. नाव विजयमाला ठेवले. कोंडीबाचा नमस्कार. मी ते कार्ड छातीशी धरून अशी रडले, की शेजारणीला वाटलं कुणीतरी गेलं. मग गूळ वाटला सगळ्या गल्लीत. लोकं इचारायची, कुणाला झालं? मी म्हणायचे, माझ्या भनीला.

तुमी म्हणाल, मग लगीच का गेली न्हाईस बघायला? एस.टी. रोज जायाची. तेवढं भाडं पण हुतं. मी पिशवी भरायची आन् परत सोडायची. तिच्या दारात उभं ऱ्हायचं म्हंजी तिच्या तोंडाकडं बघायचं, आन् ते मला झेपत नव्हतं. पण आठवण काय सुटती का? शेंगा फोडताना जोडीला कुणी लागत न्हाई, तरी माझा हात आपोआप दम खायाचा, समोरच्या टोकाला तिला दम लागला असंल म्हणून. बाजारात कुणी हिरडी दावून हसलं की मी वळून बघायचे. तिची पोरगी रांगत असंल, पाऊल टाकत असंल, असं म्हणत म्हणत माझी तीन वर्सं गेली. सदुसष्टच्या भूकंपाच्या पहाटे सगळी सांगली रस्त्यावर आली, तवा माझ्या दोन पोरांस्नी कवटाळून मी उभी हुते आन् मनात काय, तर आटपाडीचं छप्पर कसलं असंल.

शेवटी एकोणसत्तरच्या दिवाळीनंतर गेले. पोरीला झबलं, टोपडं घेऊन. ते बघून हरणा हसाय लागली, "आक्का, ती काय तान्ही हाय का आता? तीन वर्साची हुईल की!" तीच हिरडी, तोच पदर. अंगानं भरली हुती. मनगटात ताकद आलीवती, घागर उचलून आणलीन् माझ्यासमोर. तिला तशी बघून मला वाटलं, देवा, एवढ्या वर्सांत मी उगीच भ्याले. तिच्या गळ्यात पडून मी पोटभर रडून घेतलं.

पोरगी अंगणात कोकराच्या मागं पळत हुती. काळीसावळी, तुकतुकीत. मी हाक मारली, "विजयमाला!" तिनं वळून बघितलं, पळत आली, माझ्या मांडीवर बसली. माझ्या बांगड्या मोजल्यागत हलवत बसली. तिला जवळ घेतली आन् माझं सगळं अंग निवलं. मी म्हणलं, "नाव काय गं तुझं? मी कोण सांग? मावशी म्हण."

ती नुसती हसली. मी परत म्हणलं, "म्हण की, मावशी."

हरणा चुलीपाशी बसलीवती. तिथनंच म्हणाली, "ती बोलत न्हाई, आक्का."

"अजून ल्हान हाय. बोलंल."

"हिच्या मागनं जन्मलेली भावकीतली पोरं गाणी म्हणत्यात. हिला ऐकू सगळं येतं. मेंढरास्नी हाकारत्यात, ते पण ऐकती. पण एक शब्द न्हाई. आये सुदिक न्हाई. उचलून काय देऊ म्हणलं तर नुसतं बोट दावती. चार वर्सं पोटात पोर ऱ्हाईना म्हणून रडले, आता ऱ्हायलं तर वाटतंय, एकदा कधीतरी हाक मारावी. विट्याच्या डॉक्टरला दावली. ते म्हणालं, काय पोरं उशिरा बोलत्यात, काय बोलतच न्हाईत, वाट बघा. किती वाट बघायची ते त्यांनी सांगितलं न्हाई."

चुलीतलं लाकूड तिनं मागं ओढलं. मग माझ्यासमोर येऊन बसली, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. पोरगी आमच्या मधी.

"आक्का, मी कुणालाच इचारलं न्हाई. ह्यांना पण न्हाई. हे त्या पेवडीनं झालं का गं? ही पोटात हुती तवा पयलं पाच म्हयनं मी घेत हुते. तू सांग. तू म्हणशील ते मी खरं मानीन."

मला सगळं कळत हुतं. न्हाई म्हणलं असतं, तर ती तिथल्या तिथं हलकी झाली असती, मला जेवू घालून लटकी चेष्टा करत बसली असती. व्हय म्हणलं असतं आन् तिचं पाय धरलं असतं, तर मी हलकी झाले असते. दोन्ही माझ्या जिभेवर तयार हुतं. पण खरं काय हुतं ते मला ठावं नव्हतं, आन् ह्या बाईला न ठावं असलेलं सांगून मी तिची दोन पोरं घालवलीवती.

"मला ठावं न्हाई, हरणा," मी म्हणलं. "डॉक्टरला ठावं न्हाई, ते मला कसं कळणार? मला खरंच ठावं न्हाई."

ती रागावली न्हाई, रडली न्हाई. पोरीला माझ्या मांडीवरनं उचलून कडेवर घेतलीन्, तिच्या नाकाला पदर लावला आन् म्हणाली,

"तवा तर लगीच सांगितलंवतंस की, आक्का."